बोनाफाइडवरच्या उलट्या जन्मतारखा

महोदय,

जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या की बोनाफाइड आणि ओळखपत्रांचे गठ्ठे निघू लागतात. हे काम बहुधा मेल मर्जने होते : यादी एक्सेलमध्ये, मजकूर वर्डमध्ये आणि यादीतली एकेका मुलाची माहिती त्या मजकुरात आपोआप भरली जाते. यादीत ०५/०३/२०१५ अशी नीट दिसणारी जन्मतारीख कागदावर मात्र ३/५/२०१५ होऊन उतरते आणि नागपुरात ती ३ मे अशीच वाचली जाते. मग एक्सेलचा रकाना निवडून फॉरमॅट सेल्समध्ये पुन्हा दिवस-महिना-वर्ष करून पाहतात. दहादा केले तरी छपाईत फरक पडत नाही.

एक्सेल तारीख आकडा म्हणून साठवते. १ जानेवारी १९०० म्हणजे १ आणि ५ मार्च २०१५ म्हणजे ४२०६८. सेलमध्ये दिसते ते त्या आकड्याचे वरचे रूप. वर्ड २००२ पासून मर्जसाठी जी जोडणी आपोआप वापरली जाते, ती नुसते मूल्य उचलते, रूप मागेच राहते. वर्ड मग महिना आधी लिहिण्याची अमेरिकी पद्धत लावते. ३/२५/२०१५ दिसले तर कारकून थबकतो तरी. गोची आहे ती महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची. ५/५ किंवा ७/७ सारख्या तारखा सोडल्या तरी वर्षातल्या १३२ तारखा उलटूनही खऱ्याच वाटतात. साठ मुलांच्या वर्गात हिशेबाने वीस-बावीस मुले यात सापडतात.

दुरुस्ती वर्डमध्ये करायची. मूळ पत्र उघडून ऑल्ट आणि एफ ९ दाबा (काही लॅपटॉपवर एफएन कळही लागते). महिरपी कंसात मर्जफील्ड आणि रकान्याचे नाव दिसेल. नावानंतर एक जागा सोडून बॅकस्लॅश आणि ॲट द रेटचे चिन्ह, पुन्हा एक जागा, मग दुहेरी अवतरणात दोन स्मॉल डी, तिरकी रेघ, दोन कॅपिटल एम, तिरकी रेघ, चार स्मॉल वाय. एम कॅपिटलच हवा. स्मॉल एम म्हणजे मिनिटे, त्यामुळे महिन्याच्या जागी ०० छापले जाते. कंस हाताने टाइप केलेले चालत नाहीत. पुसले गेले तर कंट्रोल आणि एफ ९ ने आणावेत. पुन्हा ऑल्ट-एफ ९ दाबून प्रिव्ह्यू पाहा. चार कॅपिटल एम दिले तर महिन्याचे नाव येते. दाखल्यासाठी तेच बरे, कारण नाव उलटे वाचता येत नाही.

मात्र यादीच बिघडलेली असेल तर वर्ड काही करू शकत नाही. दुसऱ्या प्रणालीतून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिकने उघडली आणि विंडोजचे रीजन अमेरिकेचे असले, तर ०५/०३ चा ३ मे तिथेच होतो. २५/०३ मात्र तारीख न होता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटतो. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजावे. अशा वेळी अनेक जण एक्सेलची टेक्स्ट टू कॉलम्स ही सोय चालवतात. त्याने डावीकडच्या सुधारतात, आधीच उलटलेल्या तशाच राहतात. फाइल बंद करून डेटा टॅबमधून नव्याने आणावी आणि त्या रकान्याला डेट, डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) सांगावे. मजकूर आणि तारखांची सरमिसळ तशीच ठेवली, तर मर्जची जोडणी सहसा पहिल्या आठ ओळींवरून रकान्याचा प्रकार ठरवते आणि त्यात न बसणारी जन्मतारीख कोरी सोडते.

एक्सेलमध्येच टेक्स्ट फॉर्म्युल्याने तारखेचा मजकूर करून वेगळा रकाना करण्याचा मार्गही चालतो, पण रिकाम्या सेलसाठी इफची अट घालावी. नाहीतर त्या मुलाच्या दाखल्यावर ००/०१/१९०० छापून येते!

मर्ज थेट प्रिंटरला पाठवू नये. एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्सने फाइल काढून निदान तीन दाखले जनरल रजिस्टरशी ताडावेत : एक बारा तारखेच्या आतला, एक त्यापुढचा आणि एक जन्मतारीख रिकामी असलेला. रजिस्टरात जन्मतारीख अक्षरीही लिहिलेली असते. मिलान त्या अक्षरी नोंदीशी करावे.

– एक संगणक प्रशिक्षक, नागपूर