एचडीएलच्या रकान्याकडेही पाहा

महोदय,

मधुमेहाचा रिपोर्ट हाती आला की आपण साखर बघतो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघतो आणि कागद घडी करून खिशात टाकतो. खालच्या एचडीएलकडे, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलकडे, कोण बघतो? पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलेले एचडीएल व चढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ही जोडी आपल्याकडे सर्रास आढळते. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. एचडीएल स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला आणि स्नायूंना साखर उचलायला मदत करते, असेही प्रयोगांत दिसले आहे.

मग गोळी घेऊन ते वाढवावे? तेही करून झाले. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल सुमारे ७२ टक्के वाढले, मधुमेहींची साखरही थोडी सुधारली. पण मृत्यूच वाढल्याने २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. नायसिनने (ब-३ जीवनसत्त्वाने) एचडीएल वाढते, पण साखरही वाढते! त्यामुळे ‘चांगले कोलेस्टेरॉल वाढवा’ म्हणणाऱ्या काढ्यांच्या जाहिरातींपासून चार हात लांबच राहावे.

उरते ते चालणे, पोटाचा घेर कमी करणे आणि बिडी-सिगारेट सोडणे. (तंबाखू-सुपारीच्या खर्र्याबद्दल तर बोलायलाच नको.) फुटाळा तलावावर फेरी मारून लगेच ठेल्यावर ‘भाऊ, अजून थोडी तर्री टाक’ म्हणणाऱ्यांनी हिशेब आपला आपण करावा.

वस्त्यांमधल्या आरोग्य शिबिरांत बहुधा बोट टोचून साखरच तेवढी बघतात. ज्यांना मधुमेह आहे, त्यांची वर्षातून एकदा तरी लिपिड तपासणी (कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइडची) तिथेच मोफत व्हावी, ही विनंती.

— एक ज्येष्ठ वाचक, प्रतापनगर, नागपूर