'सोडा घाला', पण कोणता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरगुती उपायांच्या सदरांत 'चमचाभर सोडा घाला' एवढेच छापलेले वारंवार दिसते. सोडा या नावाने तीन निरनिराळे पदार्थ मिळतात आणि त्यांची अदलाबदल झाली तर इजा होते.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो सौम्य. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो बराच तीव्र आहे, पोटात जाता कामा नये. दोघांचे नाते मात्र जवळचे. 168 ग्रॅम खाण्याचा सोडा भट्टीत पुरता तापवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन 106 ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो. केकमध्ये दही किंवा लिंबासारखे आंबट काही नसेल, तर जास्तीच्या सोड्याचे हेच होते आणि केकला साबणासारखी चव येते.

खरी भीती कॉस्टिक सोड्याची, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडची. तो कातडी भाजतो, लोकर आणि रेशीम खातो, ॲल्युमिनियमला लागला तर पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. द्रावण करताना थंड पाण्यात सोडा थोडा थोडा टाकत ढवळावे. सोड्यावर पाणी ओतले तर एकदम इतकी उष्णता निघते की पाणी उकळून अंगावर उडते. डोळ्यात थेंब गेल्यास लगेच वाहत्या पाण्याने निदान 20 मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा. उतारा म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू मुळीच लावू नये.

मूळचा सोडा म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती जाळून केलेली राख. काच आणि साबण तिच्यापासून होत. हंफ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये कॉस्टिक सोड्यातून विजेच्या साहाय्याने एक धातू वेगळा काढला. त्याला सोडियम हे नाव सोड्यावरूनच मिळाले.

बाटलीतला सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवलेले पाणी. पूर्वी त्यात सोड्याचे क्षार घालत, म्हणून ते नाव पडले. आज ते असतीलच असे नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे सोड्याचे पूर्ण नाव आणि ग्रॅममधले प्रमाण तपासल्याशिवाय असा एकही उपाय छापू नये. कॉस्टिक सोडा असेल तिथे हातमोजे आणि चष्म्याची सूचना उपायाच्या आधी, ठळक अक्षरांत द्यावी.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक