मार्जिनबद्दल लिहायचं नाही असं ठरवून

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आपटला. "आयुष्यभर तपासण्याच केल्यात, म्हणून तुम्हाला जो तो चोर दिसतो," म्हणालास. लागलं. थोडं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

तुझ्या मार्जिनवर, म्हणजे उधारीच्या सौद्यांवर, या पत्रात एक शब्द लिहायचा नाही, असं आईला कबूल केलंय.

सरकारने बाजारात नाक खुपसू नये, म्हणून तू मला अ‍ॅडम स्मिथ ऐकवलास. पण एकाच धंद्यातली माणसं जमली की गप्पा भाव चढवण्याच्या कटावर येतात, हेही त्यानेच 1776 मध्ये लिहिलंय. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा माजी प्रमुख ग्रीनस्पॅन, त्याची तर श्रद्धाच होती, की बँका निदान स्वतःच्या हितासाठी तरी जपून वागतील. ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर त्याला चूक कबूल करावी लागली. लेहमन ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडून तेव्हा सव्वा महिना झाला होता. तिच्या भांडवलाच्या सुमारे तीसपट तिची मालमत्ता होती, बाकी सगळी उधारी. साडेतीन टक्के भाव उतरले की भांडवल साफ! तू किती पट घेतोस रे?

बघ, आलोच तिथे. माफ कर.

अर्थशास्त्रज्ञ स्टिग्लरचं मात्र पटलं. ज्यांच्यावर नजर ठेवायची, नियंत्रक त्यांचाच होऊन बसतो. तुला कधी सांगितलं नाही, एका फायलीत मला खोट दिसली होती. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी सही केली. बढती तोंडावर होती. लाच नव्हती ती, पण लोभ नव्हता असं कसं म्हणू? तरीही तपासणीच नको, हे मला मान्य नाही. तपासणाऱ्यालाही कुणी तपासावं, एवढंच.

तू सात वर्षांचा असताना ताईला गोट्या उसन्या द्यायचास. व्याज दोन गोट्या, आणि ती रडली की व्याज माफ. तो नियम तुझा तूच केला होतास. मी दारातून बघत होतो, आतून फुलून आलो होतो. गणित तुझं तेव्हापासूनच माझ्यापेक्षा पक्कं. पण गणित काकाचंही पक्कं होतं.

काकाची निळी वही सोबत पाठवतोय. शेवटची चार पानं बघ, बाकी नाही पाहिलीस तरी चालेल.

आई विचारते, रात्री झोप लागते का. किती पट, ते तिला सांग. मला नको सांगूस.

तुझा,
बाबा