ते कष्टाचे बटाटे आहेत

महोदय,

रविवार पुरवणीतला व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराच्या 'पोटॅटो ईटर्स'वरचा, म्हणजे दिव्याच्या उजेडात बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या चित्रावरचा, लेख वाचला. या चित्राला अर्धे पान मिळाले याचा आनंद आहे. पण 'दारिद्र्याचे करुण दर्शन' आणि 'शिकाऊ हाताची कच्ची रेखाटणी' हे दोन्ही शेरे मला मान्य नाहीत.

कच्चेपणाचा आरोप जुनाच आहे. १८८५ च्या मे महिन्यात या चित्राची शिळाछाप प्रत पाहून व्हॅन राप्पार्ड या चित्रकार मित्राने विचारले होते, उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुफ्फुसे असू नयेत का? त्या पत्राने दोघांची मैत्री दुखावली ती दुखावलीच. पण नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी हे चित्र रंगवण्याआधी व्हिन्सेंटने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे कितीतरी अभ्यास केले होते. हा ओबडधोबडपणा त्याने जाणून पत्करला. भाऊ थिओला त्याने लिहिले की, ताटात जाणाऱ्या याच हातांनी या माणसांनी जमीन खणली आहे, हे अन्न त्यांनी इमानाने कमावले आहे. रंगसुद्धा त्याला न सोललेल्या, मातकट बटाट्याचा हवा होता.

आता करुणेविषयी. ती योझेफ इस्राएल्स या डच चित्रकाराच्या चित्रांत आहे, आणि फार उत्कट आहे. बुडालेल्या सोबत्याला किनाऱ्यावरून वाहून नेणाऱ्या कोळ्यांचे त्याचे १८६१ चे चित्र पाहून गलबलून येते. व्हिन्सेंट त्याला गुरुस्थानी मानत असे. पण न्यूनेनच्या या झोपडीत कोणी आपली कीव मागत नाही. मधली मुलगी तर आपल्याकडे पाठ करूनच बसली आहे. वाफाळते ताट, कपात पडणारी कॉफी, गाठाळलेली बोटे. दिवसभर राबून आलेली माणसे जेवत आहेत. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. हे चित्र दाखवले की शेतकऱ्यांची मुले सगळ्यांत आधी हातांकडे बोट दाखवत.

एक विनंती. छापताना आपण चित्र बरेच उजळवले आहे, त्यामुळे दिव्याच्या उजेडाचा जीवच गेला. ते पुन्हा छापा, आहे तसे काळोखे. आणि भोवती पिकल्या गव्हाच्या रंगाची चौकट द्या. चित्र सोनेरी चौकटीत किंवा तशा रंगाच्या भिंतीवरच लावावे, असे व्हिन्सेंटने थिओला बजावले होते.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा