पट्टीचा वाद आणि कॅसेटचा वेग

महोदय,

हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातून बाहेर पडताना सोलापूरच्या रसिकांत एक वाद हमखास रंगतो: अमुक भावगीत मूळ काळी एकमध्ये की पांढरी दोनमध्ये (म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीत; पांढरी दोन ही काळी एकच्या लगेच वरची)? पुष्कळदा गोंधळ कॅसेट प्लेअरचा असतो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. वेग सहा टक्के वाढला की काळी एकची थेट पांढरी दोन होते. प्लेअरमधला टेप फिरवणारा रबरी पट्टा सैल पडला, तर पेटीचा लांब धरलेला सूर लाटेसारखा हलतो. गायकाला बिचाऱ्याला उगाच बोल लागतो.

आवडतं गाणं कॅसेटवरून उतरवून इतरांना पाठवण्याआधी पट्टा बदला, हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकडीवरून उतरवत असाल, तर तिला एलपीची (लाँग प्ले तबकडीची) बारीक सुई नको, खरखर वाढते. व्हॉट्सॲपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच जोडा.

– एक श्रोता, सोलापूर