हेलिकॉप्टर वैमानिकांच्या वाटाघाटींना स्वतंत्र स्थान हवे

महोदय,

केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले हेलिकॉप्टर १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील एक कुटुंब होते. अशा अपघातानंतर हवामानाची, यंत्राची आणि परवान्यांची भरपूर चर्चा होते, परंतु उड्डाण नाकारण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्या वैमानिकाच्या नोकरीच्या अटींकडे कोणी वळत नाही.

मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर नोकरी करताना जुहूहून हेलिकॉप्टरनेच ये-जा केल्यामुळे हा विषय मला परका नाही. याच समुद्रावर हेलिकॉप्टर अपघातांत जानेवारी २०१८ मध्ये सात आणि जून २०२२ मध्ये चार जणांचे बळी गेले. उड्डाणाच्या तासांची कमाल मर्यादा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते, हे खरे. परंतु त्या मर्यादेच्या आत वेळापत्रक कसे लावायचे, दुर्गम तळावर मुक्कामाची सोय कशी असावी, उड्डाण नाकारल्यास भत्ता कापला जाईल का आणि कराराचे नूतनीकरण कशावर ठरेल, हे वैमानिक आणि कंपनी यांच्यातच ठरते. मुदतीच्या करारावरील वैमानिक तेथे एकटा पडतो.

पगार लाखांत असताना संघटना कशाला, हा आक्षेप जुनाच आहे. जेट एअरवेजमध्ये २००९ साली संघटना उभारणाऱ्या वैमानिकांपैकी दोघांना काढून टाकल्यावर शेकडो सहकारी एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले होते. त्यांचेही पगार लहान नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही, म्हणजे कामगार संघटनांविषयीच्या केंद्रीय कायद्यातही, ‘कामगार’ ठरण्यासाठी वेतनाची १८ हजार रुपयांची मर्यादा पर्यवेक्षकांना आहे, तांत्रिक काम करणाऱ्यांना नाही.

खरी अडचण पुढे आहे. याच संहितेनुसार आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असतील, तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असणारी संघटना वाटाघाटीसाठी एकमेव ठरते. तशी कोणतीच नसेल, तर अनेक संघटनांच्या प्रतिनिधींच्या वाटाघाटी परिषदेत बसण्यासाठीही किमान २० टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. हेलिकॉप्टर कंपनीत तंत्रज्ञ, तळावरील आणि कार्यालयातील कर्मचारी यांच्या तुलनेत वैमानिक मूठभर असले, की त्यांची संघटना कितीही एकजुटीची असो, ती या गणितात हरते. अमेरिकेत १९२६ चा रेल्वे कामगार कायदा हवाई वाहतुकीलाही लागू असून तेथे प्रतिनिधित्व व्यवसायाच्या वर्गानुसार, म्हणजे वैमानिकांचे वेगळे, तंत्रज्ञांचे वेगळे असे ठरते. त्यामुळेच मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांना सेवा देणाऱ्या पीएचआय कंपनीच्या वैमानिकांना स्वतंत्रपणे संघटित होता आले, तेही गंमत म्हणजे कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या महासंघाशी संलग्न होऊन. त्यांचा २००६ चा संप मात्र फसला आणि नव्या कराराविना त्यांना कामावर परतण्याची तयारी दाखवावी लागली. वेगळी संघटना म्हणजे हमखास यश, असा माझा दावा नाही; पण निदान चर्चेच्या टेबलाशी त्यांना स्वतःची खुर्ची होती.

केंद्र सरकारने परवानाधारक वैमानिकांना वाटाघाटीसाठी स्वतंत्र गट मानण्याची तरतूद करावी. ती होईपर्यंत तेल कंपन्यांनी आणि तीर्थक्षेत्री हेलिकॉप्टर सेवेच्या निविदा काढणाऱ्या राज्यांनी एवढी अट तरी घालावी, की सुरक्षेच्या कारणावरून उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाचा करार खंडित करण्यापूर्वी त्याच्या सहकाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीचे म्हणणे लेखी नोंदवून घेतले जाईल.

– एक निवृत्त तेलक्षेत्र अभियंता, विलेपार्ले, मुंबई