ब्रशमधून उतरलेले राक्षस

महोदय,

गेल्या आठवड्यात चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर रामसे बंधूंच्या एका भयपटाचे जुने पोस्टर पाहायला मिळाले. घड्यांच्या खुणांवर कागद विरला होता, तरी सैतानाच्या गालावरचा हिरव्या रंगाचा जाड फटकारा आणि त्याच्या कडेने ओढलेली पिवळी रेघ अजून ओली असावी इतकी ताजी वाटत होती. खाली नटाचा फोटो आणि त्यावर रंगकाम, ही आपल्याकडची त्या काळी रुळलेली पद्धत. त्यामुळे डोळे खऱ्या माणसाचे आणि बाकी चेहरा चित्रकाराच्या मनातला, असा तो अजब संकर झाला होता. लहानपणी लॅमिंग्टन रोडवरून जाताना अशा पोस्टरांना आम्ही घाबरत असू, आणि तरी आईचा हात धरून मागे वळूनवळून पाहत असू.

या चित्रांची ओढ निव्वळ जुन्या आठवणींची आहे, हे मला पटत नाही. असे चित्रपट बहुधा तुटपुंज्या पैशांत उरकले जात आणि पडद्यावर मुखवट्याची शिवण दिसे. चित्रकाराला मात्र तेवढ्याच रंगात अख्खे शहर पाडता येई. १९५८ च्या ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वूमन’ या अमेरिकी चित्रपटाच्या पोस्टरवर रेनल्ड ब्राऊन यांनी उंच महामार्गावर पाय रोवून उभी असलेली, हातात मोटार धरलेली महाकाय स्त्री रंगवली. चित्रपटात हा प्रसंग मुळी नाहीच. फसवणूक म्हणावी तर ती आहेच, पण लोक चित्रपट विसरले आणि चित्र भिंतीवर लावून बसले, याचे उत्तर त्या फसवणुकीतच आहे. आजच्या संगणकी पोस्टरवर प्रत्येक खवला स्पष्ट दिसतो, म्हणून कल्पना करायला काही उरत नाही.

आपल्याकडे तर या कलेला कुलीन पूर्वज आहेत. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी ‘कल्याण खजिना’चे (१९२४) पोस्टर स्वतः रंगवले होते, आणि चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात याच मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले. भयपटांची पोस्टरे रंगवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र असे नाव आले नाही. आता त्यांच्या छापील नकला कॅफेच्या भिंतींवर चौकटीत झळकतात. कित्येकदा चौकटीत बसावे म्हणून खालची कडा कापतात, आणि चित्रकाराची सही असलीच तर ती त्याच कडेला असते. मटण स्ट्रीटवरच्या त्या पोस्टरच्या कोपऱ्यातही घडीत अर्धी गेलेली एक सही होती. नाव काय, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “किसका? हीरो का?”

आपल्या रविवार पुरवणीने या चित्रकारांपैकी आणि फलक रंगवणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांना गाठून, कोणते पोस्टर कोणी रंगवले याची नोंद करावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई